नको म्हणायचं कुणी

गेल्या वर्षी आमच्या बचत गटाला एक बाई आल्या होत्या. बोलायला गोड, गळ्यात ओळखपत्र. वडगावातल्या देवळाच्या कट्ट्यावर त्यांनी आम्हा पंधरा-वीस जणींना गोल बसवलं आणि म्हणाल्या, प्रत्येकीनं सांगायचं, तुमच्या घरच्या धंद्याचं ध्येय काय आणि ते गाठायला तुमचं धोरण काय. आता धोरण हा शब्द आम्ही बातम्यांत ऐकलेला, तो सरकारचा. एकजण म्हणाली, पापडाचं मशीन घ्यायचं. एकजण म्हणाली, नवऱ्याला दुकानातनं उठवायचं आणि तिथं मी बसायचं, हे ध्येय. सगळ्या हसल्या, ती मात्र हसली नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "चालू ठेवायचं."

"काय चालू ठेवायचं, आजी?"

"माग. घरात चार हायेत."

"कशासाठी?"

"पोराला आवडतंय."

बाईंनी लिहून घेतलं आणि पुढचीकडं वळल्या. मी पदर सावरून बसले. खोटं बोलले असं मला वाटलं नाही, पण घरी येताना पाय जड झाले. कारण खरी गोष्ट अशी होती की ते माग मला नको होते. बंद व्हावेत असं किती वर्षं वाटत होतं, आणि हे मी एका माणसाजवळ बोलले नव्हते. मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, फोटोजवळसुद्धा नाही.

मी मूळची खानापूरकडची. माझं माहेर शेतीचं. शेतीत काम मोडून टाकतं, पण रान वर्षातले काही महिने झोपतं, त्याबरोबर माणूसही जरा टेकतो. अठराव्या वर्षी लग्न होऊन वडगावात आले आणि बघते तर इथं काही झोपतच नाही. तेव्हा हातमाग होते, पुढं मालकांनी एकेक करून यंत्रमाग घेतले. पुढच्या सोप्यात चार माग, मागं आम्ही. भिंतीवरचं देवाचं चित्रसुद्धा खडखड हलायचं. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचायला शिकले ते सुताच्या गठ्ठ्याला गुंडाळून आलेल्या कागदांवर. लिहायला तर त्याहून उशिरा. म्हणून मी बोलते तशीच लिहिते, सांभाळून घ्या.

माझ्याकडं दोन कामं. आडव्या सुताच्या कांड्या भरायच्या आणि सांधायचं. कांड्या कुणीही भरतं. सांधणं मात्र हाताचं काम. मागावरचा ताणा, म्हणजे उभं सूत, संपत आला की त्याची टोकं तशीच ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेक धाग्याला पीळ देऊन जोडायचा. बोटांना राख लावायची, धागा धरायचा, पिळायचा, सोडायचा, दुसरा धरायचा. असे हजारांनी धागे. वाकून बसलं की दिवस जातो. एक धागा चुकला तर साडीभर रेघ उमटते. मालक म्हणायचे, "हिच्या बोटाला डोळे हायेत." ते ऐकून मी तरुणपणी लई खूश व्हायची. आता वाटतं, त्या एका वाक्यानं मला पन्नास वर्षं बसवून ठेवलं.

मालक गेल्याला बारा वर्षं झाली. सुतकात माग बंद होते. तेरावं झालं, पाव्हणे गेले, आणि चौदाव्या दिवशी सकाळी पोरगा आपणहून पुढं आला आणि चारीही माग चालू केले. शिकलेला पोरगा, बीकॉम झालेला. कुणी सांगितलं नव्हतं. मी मनात म्हटलं, याच्या रक्तात हाय. याला हौस हाय. आता याच्यासाठी तरी आपण बसलं पाहिजे. आणि बसले. गुडघे गेले, तरी पाटावरनं खुर्चीवर आले आणि बसले. डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्यानं परत बसले.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक कानडी घर आहे. तेही विणकरच. तिथली आक्का माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी, आम्ही दोघी बाळंत झालो तेही मागंपुढंच. तिच्या घरचे माग बंद झाले तो दिवस मी बघितला. सकाळी कट्ट्यावर नवरा, दोन पोरं, एक जावई चहा पीत बसले होते. तो जावई घरातच राहतो. त्यांच्यात घरजावयाला कुणी नाक मुरडत नाही. आक्का आतनं आली, हात पुसले आणि म्हणाली, "साक री." म्हणजे पुरे झालं. नवरा म्हणाला, "काय साक?" ती म्हणाली, "माग साक. माझी कंबर साक. उद्यापासनं मी बसणार नाही, तुम्ही बसायचं तर बसा." आठ दिवस घरात भांडणं झाली, आमच्या भिंतीतनं सगळी ऐकू यायची. मग माग गेले आणि तीन शिलाई मशिनी आल्या. आता जावई बायकांचे गाऊन शिवतो, पोरं बाजारात नेतात. सगळी कानडी माणसं अशी असतात असं माझं म्हणणं नाही. तिची सख्खी बहीण सासरी शब्दसुद्धा काढत नाही. पण या घरात बोलतात.

मी एकदा तिला म्हटलं, "आक्का, तुला भ्या न्हाय वाटलं?"

"कशाचं भ्या?"

"उद्या काय बिघडलं तर म्हणतील, हिनं बंद पाडलं."

ती म्हणाली, "म्हणू दे की. तुमचं मराठी लोकांचं न्यारंच. मनात स्वयंपाक करता, मनातच वाढून घेता, आणि मग उपाशी राहिलो म्हणून तोंड पाडून बसता."

मी हसले. घरी येऊन परत खुर्चीवर बसले.

आमच्या साड्या नेणारे व्यापारी निपाणीच्या बाजूचे, जैन. तीन भाऊ, एकत्र घर, निपाणीत कापडाचं दुकान. एरवी त्यांचा टेम्पो येऊन माल नेतो. गेल्या दिवाळीच्या आधी थोरल्या भावाचा, अण्णांचा, पोराला फोन आला, "या खेपेला आईला घेऊन या. बोलायचं हाय." आम्ही दोघं बसनं गेलो. सून घरी राहिली, मागावर कुणीतरी पाहिजे म्हणून.

दिवस असतानाच त्यांनी आम्हाला जेवायला बसवलं. त्यांच्यात दिवस मावळायच्या आत जेवण उरकतात. कांदा नाही, बटाटा नाही, पण आमटीला काय चव होती. जेवणं झाली आणि सोप्यात मोठा जमखाना अंथरला. वर्षातनं दोनदा त्यांच्या घरात अशी बैठक बसते म्हणे. मी नवल बघत बसले ते याचं, की तिन्ही सुना दाराआड उभ्या राहिल्या नाहीत. आल्या आणि जमखान्यावरच बसल्या. अण्णांची आई, मोठ्या काकू, भिंतीला टेकून बसल्या. वय ऐंशीच्या पुढं, डोळे मिटलेले; मला वाटलं झोपल्या.

मधल्या भावाला कोल्हापुरात दुसरं दुकान काढायचं होतं. तो पुष्कळ बोलला. जागा बघितलीय, मोक्याची हाय, पोरांच्या शिक्षणाला बरं. त्याचं झाल्यावर काकू डोळे न उघडता एकेकाला विचारत गेल्या, "तुझं काय?" धाकट्या सुनेवर आल्या तेव्हा ती म्हणाली, "मला नको. मी इथं शाळेत शिकवते. दुकान काढलं की तिकडं आम्हालाच धाडणार, हे मला ठाऊक हाय."

मी मनात म्हटलं, झालं, आता इथं काहीतरी फुटणार.

मधला भाऊ म्हणाला, "म्हणजे तुझ्या शाळेपायी आम्ही धंदा थांबवायचा?"

काकू म्हणाल्या, "थांबव म्हटलं कुणी? तूच जा की कोल्हापूरला. तुझी बायको घेऊन."

त्याची बायको म्हणाली, "मला आधी इच्यारा, मग पाठवा."

सगळे हसले, तोही हसला, आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. भांडण नाही, रुसवा नाही. धाकटी सून उठून वाट्या गोळा करायला लागली. मला वाटलं, ही माणसं धंदा करतात कशासाठी? तर घर एकत्र राहावं म्हणून. दुकान मोठं करताना घर फुटणार असेल तर थांबतात. आमच्यात धंदा कशासाठी, हे कुणी कधी बोललंच नाही. सासऱ्यांनी केला म्हणून मालकांनी केला.

मग अण्णा आमच्याकडं वळले. म्हणाले, सुती साडीला परत मागणी आलीय. तुम्ही अजून दोन माग घाला. पुढची पाच वर्षं तुमचा सगळा माल आम्ही उचलतो.

पाच वर्षं. मी मनात माझं वय मोजलं.

काकूंनी आता डोळे उघडले. "बोला, तुमचं दोघांचं काय?"

पोरानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. त्याचा चेहरा मला उजळल्यासारखा वाटला. दिवाबत्ती झाली होती, त्याचा उजेड असेल. मी म्हटलं, "पोराला हौस हाय. वाढवू की." आणि त्याच वेळेला तो म्हणत होता, "आईचा जीव हाय मागात. आई हाय तंवर घालू दोन."

काकूंनी आधी माझ्याकडं, मग पोराकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मी दोघांस्नी इच्यारलं. ह्यांनी तुमचं सांगितलं, तुम्ही ह्यांचं. आपापलं कुणीच सांगितलं न्हाय."

मी म्हटलं, "एकच की ओ, काकू. घर एकच."

"बरं," त्या म्हणाल्या आणि परत डोळे मिटले. अण्णा खूश. निघताना त्यांच्या थोरल्या सुनेनं मला लाडू बांधून दिले.

परतीच्या बसमध्ये पोरगा खिडकीकडं तोंड करून बसला होता. संकेश्वर मागं पडल्यावर म्हणाला, "दोन माग घालायचे तर तुझी खोली सोप्यात घ्यावी लागंल."

"घे की."

"तू सैपाकघरात झोपशील?"

"झोपंन की. किती जागा लागती मला."

तो परत खिडकीकडं वळला. मी म्हटलं, बेत करतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझी खोली मोजायला आला. टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं, भिंतीला धर म्हणाला. मी धरून उभी राहिले. तेवढ्यात सून चहा घेऊन आली. रात्री तिनं सगळं ऐकलं होतं, पण काही बोलली नव्हती. तिनं कप खिडकीत ठेवले आणि दारातच उभी राहिली.

"हे माग कुणाला पायजेत?" ती म्हणाली.

पोरगा म्हणाला, "आईला."

मी म्हटलं, "ह्याला."

"तसं न्हाय," ती म्हणाली. "आत्ती, तुम्ही ह्यांचं सांगू नगासा. तुमचं सांगा. पायजेत का नकोत?"

माझ्या हातात टेपचं टोक होतं, ते सोडताही येईना. बारा वर्षं जे गिळलं ते एवढ्या साध्या प्रश्नावर बाहेर येईल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "मला नकोत गं. मला आता सांधवत न्हाय. लई दिवस झाले सांधवत न्हाय."

बोट सुटलं आणि टेप सर्रकन आत गेला.

पोरगा माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "मग मी कशापायी करतोय हे?"

"तुला आवडतं म्हणून."

"मला? मला सुताचा वास सहन होत न्हाय, आई. ल्हानपणापासनं होत न्हाय."

मग एकेक बाहेर आलं. सांबऱ्याला विमानतळावर त्याला काम लागत होतं. सामानाच्या विभागात. मालकांच्या सुतकातच बोलावणं आलं होतं. तो गेला नाही. का, तर चौदाव्या दिवशी सकाळी तो उठून पुढं आला तेव्हा मी बंद मागावर हात ठेवून एकटी बसले होते. त्याला वाटलं, आईला हे बंद पडलेलं बघवत नाही. तो म्हणाला, "तुझा हात बघितला आणि मी बटण दाबलं."

ती सकाळ मला आठवत होती. चांगली आठवत होती. मी तिथं बसले होते कारण लग्न होऊन आल्यापासनं त्या सोप्यात पहिल्यांदा शांत होतं. लोखंड गार लागत होतं म्हणून हात ठेवला होता. अजून थोडा वेळ असंच राहू दे, असं म्हणत होते, तेवढ्यात त्यानं येऊन चालू केले. दुःख होतं, नाही कसं. पण ते मागाचं नव्हतं.

हे मी त्याला सांगितलं. तो आधी हसला. मग कॉटवर बसला आणि नुसतं "बारा वर्षं" एवढंच म्हणाला. मी त्याच्याशेजारी बसले. चहावर साय धरली.

मी म्हटलं, "मग इकून टाकू या. अण्णांना फोन कर."

"झालं तुमचं मायलेकाचं?" सून दारातनं म्हणाली. ती तिथं आहे हे आम्ही विसरलोच होतो. "आता मला कुणी इच्यारणार हाय का, का मी भाकऱ्याच थापू?"

पोरगा म्हणाला, "तुला काय इच्यारायचं? तूच तर आत्ता…"

"मला पायजेत."

आम्ही दोघं तिच्याकडं बघत राहिलो. ती निपाणीची. तिच्या आईनं जन्मभर बिड्या वळल्या. सून म्हणाली, "आमच्या घरात धंदा म्हणजे दुसऱ्याचं पान, दुसऱ्याची तंबाखू आणि आपली नुस्ती बोटं. आई सूप मांडीवर घेऊन बसायची. ते सूप तेवढं आपलं. इथं आले तर घरात चार माग, आणि ते आपले. तुम्हा दोघांस्नी त्याचं ओझं झालं, मला इच्यारलं असतं तर मी उचललं असतं की." मग जरा शांतपणे म्हणाली, "चार नकोत. दोन ठेवा, दोन इका. वाढवायचे तर मुळीच न्हायीत. मी फोनवरनं गोव्याच्या बायकांस्नी फोटो धाडते, त्या मागवत्यात. तुम्हाला ठाऊक तरी हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. ती फोन बघत बसते एवढंच ठाऊक होतं, आणि त्यावरनं मी आक्काजवळ बोललेही होते.

पोरगा म्हणाला, "सांधणार कोण? तुला येतं का?"

"न्हाय येत. शिकीन, न्हायतर बाई लावीन. आत्तींनी बसायचं न्हाय."

आत्तींनी बसायचं नाही. हेच तर ऐकायचं होतं मला. पण ऐकल्यावर आत काहीतरी टोचलंच. इतकी वर्षं माझ्यावाचून अडतं असं म्हणत आले, आणि हिनं एका वाक्यात बाई लावली.

त्या आठवड्यात आम्ही तिघं निपाणीकडं गेलो. सूनच बोलली. अण्णांना आवडलं नाही. म्हणाले, "मागच्या खेपेला तुम्ही हो म्हटलंसा."

"मागच्या खेपेला मी न्हवते," ती म्हणाली.

ते पोराशी चार शब्द कडक बोलले, आणि त्यांचंही चुकलं नाही; हो म्हणून फिरणं बरं नव्हे. मोठं काम त्यांनी दुसरीकडं दिलं. आमच्याकडनं आता अधूनमधून थोडा माल नेतात. काकू नेहमीसारख्या भिंतीला टेकून होत्या. मला म्हणाल्या, "आणि तुमचं काय?"

मी म्हटलं, "मला बसायचं न्हाय आता, काकू. दमले मी."

"मग नका बसू," त्या म्हणाल्या आणि आपल्या सुनेला पाणी आणायला सांगितलं. एवढंच. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. मला वाटलं होतं, हे बोलले की काहीतरी कोसळेल. निदान कुणीतरी थांब म्हणेल.

दोन माग रबकवीकडच्या एका माणसानं नेले. नेताना पोरगा दारात उभा होता, मी आत होते. विमानतळावर आता त्याचं वय बसत नाही. उद्यमबागेत एका कारखान्यात तो सामानाच्या नोंदी ठेवतो. संध्याकाळी येतो तेव्हा त्याच्या कपड्यांना तेलाचा वास असतो. मी रोज विचारते, "आवडतंय न्हवं?" तो म्हणतो, "बरं हाय." आता हे त्याचं त्याला बरं वाटतं म्हणून म्हणतो की मला बरं वाटावं म्हणून, ते मला कळत नाही. विचारावं म्हटलं तरी परत तेच उत्तर येणार.

सुनेनं पलीकडच्या गल्लीतली बाई सांधायला लावली. ती सावकाश करते, पण करते. मी दुपारची झोपते. दोन मागांचा आवाज चारांपेक्षा फार काही कमी नाही, हे मला आधी कुणी सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात ती बाई आजारी पडली. एका मागाचा ताणा संपला आणि माग थांबला. खोलीत पडल्या पडल्या मला ते आवाजावरनं कळलं. सून माझ्या दारात येऊन उभी राहिली. माझे पाय आपोआप खाली उतरले आणि चपला शोधायला लागले. मग मी ते परत वर घेतले. म्हटलं, "मी येत न्हाय गं. मला जमणार न्हाय."

"मी कुठं बोलावलं, आत्ती?" ती म्हणाली. "चहा घेणार का इच्यारायला आलते."

ती खरंच चहाचंच विचारायला आली होती का, देवाला ठाऊक. मी खोदून विचारलं नाही. म्हटलं, "दे. अर्धाच दे." ती आत गेली. माग दिवसभर तसाच उभा राहिला, आणि मी कूस बदलून पडून राहिले.